गाळ ढवळणारं कासव

सलग तिसऱ्या आठवड्यात यंत्रानं रेवता पचारेलाच दोषी ठरवलं. पडद्यावर तीच लाल ओळ उमटली: ‘नमुना अग्राह्य. चालकाचा अंश आढळला.’

रेवता डोंग्यात बसल्या जागी आपल्या हातांकडे बघत राहिली. कोपरापर्यंत मोजे, तोंडाला पट्टी, केस टोपीत कोंबलेले. बाटली तिनं कांडीला बांधून पाण्यात सोडली होती आणि झाकणही चिमट्यानंच लावलं होतं. आपल्या अंगाचा कण तरी पाण्यात कसा पडला असेल, हे तिला उमगेना. डोंग्याखाली कोंडाबाईचा डोह निवांत पसरला होता. एप्रिलमध्ये वैनगंगेचं सारं पात्र रेतीचं होऊन जातं, पण या डोहाचा तळ कुणी पाहिला नव्हता.

काठावरच्या खैरटोल्यातले लोक त्या यंत्राला हुंगणी म्हणत. सरकारी कागदावर त्याचं नाव जलवाचक होतं. शिवणयंत्राच्या पेटीएवढा हा डबा आता राज्यातल्या प्रत्येक मोठ्या नदीवर होता आणि वैनगंगेच्या या पट्ट्यातला रेवताकडे होता. त्याचं काम समजायला सोपं होतं. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव पाण्यात काहीतरी सांडत असतो. कातडीचा पापुद्रा, लाळ, विष्ठा. त्या प्रत्येक कणात त्या जीवाची जनुकीय ओळख लिहिलेली असते. यंत्र पाणी गाळून ते कण धरायचं, त्यावरचा मजकूर वाचायचं आणि आपल्या संग्रहाशी ताडून चाळीस मिनिटांत सांगायचं, की इथे मरळ आहे, इथे पाणमांजर येऊन गेलं, इथे अमुक जातीची तीन कासवं आहेत. जाळं टाकायला नको की जीव पकडायला नको.

आणखी एक गोष्ट त्याला कळायची. ताज्या कणांमधली साखळी लांब असते. जुनी झाली की तिचे तुकडे पडतात. तुकडे किती आखूड, यावरून यंत्र वय सांगायचं. कालचं, महिन्याचं, की कित्येक वर्षं गाळात दबून राहिलेलं.

नमुना घेणाऱ्या माणसाचा अंश बाटलीत पडणं साहजिक होतं, म्हणून प्रत्येक चालकाची ओळख यंत्रात आधीच भरलेली असे आणि यंत्र ती वजा करून टाकी. वजा करूनही माणसाचं काही उरलं, तर मात्र नमुना बाद.

बाद झालेले हे तीन नमुने साधे नव्हते. त्यांत एक कासव होतं.

वैनगंगेत मऊ पाठीची कासवं दोन प्रकारची, असं पुस्तकात होतं. एक लहान, पोटाखाली झडपा असलेलं, भाताच्या बांधीतही सापडणारं. दुसरं मोठं, परातीएवढं, लांबुडक्या नाकाचं. त्याच्या पिल्लांच्या पाठीवर डोळ्यांसारखे चार ठिपके असतात. कोंडाबाईच्या डोहातलं कासव या दुसऱ्याच्या जवळचं होतं, पण ते नव्हतं. त्याचा मजकूर इतका निराळा होता, की नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. मृणाल केळापुरे यांनी पहिल्या दिवशी फोनवर निकाल पुन्हा पुन्हा वाचून घेतला होता.

आज मात्र त्या चिडल्या होत्या.

“रेवता, बाकीच्या सतरा ठिकाणचे तुझे नमुने स्वच्छ येतात. याच डोहातले, आणि तेही कासव असतं तेवढेच खराब. कासव दिसलं की तू चुका करतेस का?”

“मॅडम, मी हात लावला नाही.”

“मला पटतं गं. पण नोंद मान्य व्हायला तीन स्वच्छ नमुने लागतात. तीस तारखेपासून तिथे रेतीचा उपसा सुरू होतोय. नोंद नसेल तर मी कुणाला काय दाखवून थांबवू?”

रेवतानं फोन ठेवला. रेतीघाटाचा लिलाव झाला होता. उपसा करणारी तीन यंत्रं काठावर येऊन उभी होती. तीस तारखेला अठरा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी तिनं वनरक्षक कुंदा मडावीला बोलावलं. कुंदाचं नावही चालकांच्या यादीत होतं. कुंदानं नव्या बाटलीचं सील फोडलं आणि एकटीनंच डोंगा डोहात नेला. रेवता वाऱ्याच्या उलट दिशेला, दोनशे पावलं लांब, आंब्याखाली उभी राहिली. तिनं सकाळपासून पाण्यात पायही बुडवला नव्हता.

चाळीस मिनिटांनी कुंदानं तिथूनच हाक मारली. “रेवताताई, कासव आहे! आणि तू पण आहेस!”

पडद्यावर लिहिलं होतं: ‘चालक रेवता पचारे. अंशतः जुळणी.’

अंशतः. हा शब्द आधीच्या वेळी तिनं उघडून पाहिलाच नव्हता. लाल ओळ दिसली की ती मान खाली घालायची. आता तिनं तपशिलाचं पान उघडलं. माणसांचा तपशील यंत्र सहसा झाकून ठेवी, पण स्वतःच्या नावाखालचं पान चालकाला बघता येत असे.

तुकडे अतिशय आखूड. अंदाजे वय पंधरा ते पंचवीस वर्षं. स्रोत तळाचा गाळ. मातृकुळ चालकाचंच. लिंग पुरुष.

तिनं ते दोनदा वाचलं. मग डबा मिटला, कुंदाला “काही नाही, यंत्रच बिघडलं दिसतं” म्हणाली आणि रेतीत बसली.

कासव असतानाच ती ओळ का यायची, हे आता तिच्या ध्यानात आलं. मऊ पाठीचं कासव तळाच्या गाळात स्वतःला पुरून घेतं. नुसतं नाक बाहेर. पुरताना आणि निघताना ते चारी पायांनी गाळ उकरतं, आणि वर्षानुवर्षं खाली बसलेलं सगळं पाण्यात मिसळतं. कासवाचा आणि त्या दुसऱ्या कुणाचा गाळ एकच होता.

आईच्या बाजूनं तिचं रक्त असलेला, पंधरा-पंचवीस वर्षांपूर्वीचा पुरुष. मामा एकच होता आणि तो बालाघाटला नातवंडं खेळवत होता. उरला निकेश.

निकेश तिचा मोठा भाऊ. एकोणीस वर्षांपूर्वी, ती दहावीत असताना, बापाशी भांडून हैदराबादला निघून गेला होता. असं बानं सांगितलं होतं. पोलिसांत कुणी गेलं नाही, कारण तरणी पोरं जात असत आणि येत असत. निकेश आला नाही. पण दर पोळ्याला मायच्या फोनवर एक फोन यायचा. दर वेळी नंबर वेगळा. पलीकडून कुणी बोलायचं नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. माय मात्र बोलायची. “जेवला काय रे? अंगात काय घातलं? राग धरू नको बापू.” दोन-तीन मिनिटांनी फोन कटायचा आणि तिला तेवढं वर्षभर पुरायचं. गावातल्या सगळ्यांचे नंबर बदलले, तिनं बदलला नाही. निकेशला तोच पाठ होता.

बा अंगणात जाळं सांधत बसला होता. ढिवराचा जन्म घेऊन हा माणूस एकोणीस वर्षांत डोंग्यात चढला नव्हता. कंबर गेली म्हणायचा. दुसऱ्यांची जाळी सांधायची आणि त्यांची मासोळी बाजारात नेऊन द्यायची, एवढंच करायचा.

“माय कुठे?” रेवतानं विचारलं.

“मोहफुलं वेचाले गेली.”

ती त्याच्यासमोर बसली. कसं विचारावं हे वाटेत तिनं किती तरी प्रकारे ठरवलं होतं. ते सगळं राहिलं.

“बा, निकेश डोहात आहे.”

बाच्या हातातली सुई थांबली. त्यानं कोण म्हणालं विचारलं नाही, काय बोलतेस विचारलं नाही. त्यानं सुई जाळ्यात खोचून ठेवली.

“हुंगणीनं सांगतलं?”

“हो.”

“ते यंत्र गावात आलं तवाच मले वाटलं होतं.” त्याचा आवाज कोरडा होता. “भर दुपारी तोटा हातातच फुटला. जिलेटीनचा. मासोळीसाठी टाकत होतो आम्ही. तो नाही म्हणत होता. मीच म्हटलं, आज एक डाव टाक.”

“मग?”

“मंग काय. जागीच गेला.”

“आणि तू?”

“तोटे माहे होते, पोरी. मीच आणले होते. जेल झाली असती. तुही दहावी होती, घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं.” तो थांबला. “जाळ्यात गुंडाळला. दगडं बांधली. आन् सोडला.”

रेवताला वाटलं, आपण रडू. रडू आलं नाही. तिची नजर बाच्या बोटांवर होती. ती बोटं जाळ्याची एकेक गाठ चाचपत होती.

“मायले सांगू नको,” बा म्हणाला. “तीस तारखेपासून उपसा लागून रायला. रेतीबरोबर सगळंच निघून जाईल. तिच्या मनात तो हैदराबादले आहे. राहू दे तिथंच.”

त्या आठवड्यात रेवता रोज डोहावर गेली. जायचं कारण नव्हतं. प्रयोगशाळेच्या कागदावर तिला दोन रस्ते दिले होते. ‘हाताळणीतली चूक’ या चौकटीवर खूण केली, की प्रकरण मिटत होतं. नमुने रद्द, कासव रद्द, आणि तिला महिन्याभराचं फेरप्रशिक्षण. दुसऱ्या चौकटीत लिहिलं होतं, ‘अंश चालकाचा नसून तिच्या नातलगाचा आहे.’ त्या चौकटीपुढे रिकामी जागा होती. नाव, नातं, आणि तो अंश तिथे कसा आला. ते भरलं, तर तो अंशही वजा होऊन नमुने मान्य होणार होते.

एका सकाळी तिला ते कासव दिसलं. काठालगतच्या उथळ पाण्यात, गाळाच्या रंगाचाच एक सपाट गोल सरकला. मग लांब मान वर आली आणि नळीसारखं नाक पाण्याबाहेर निघालं. डोक्यावर पुस्तकातल्यासारख्या काळ्या रेघा नव्हत्या. डोळ्यांमागून मानेपर्यंत पिवळसर पट्टा होता, हळदीचं बोट ओढावं तसा. त्यानं तिच्याकडे पाहिलं, निदान तिला तसं वाटलं. ते म्हातारं होतं. पाठीच्या कडा झिजून फाटल्या होत्या. एकोणीस वर्षांपूर्वीही ते इथेच असणार. वर तोटा फुटला तेव्हाही, आणि जाळ्यात गुंडाळलेलं काहीतरी वरून हळूहळू खाली आलं तेव्हाही. अशा कासवांना मेलेलं वर्ज्य नसतं, हे तिला ठाऊक होतं. तो विचार तिनं मनात येऊ दिला, आणि मग ती वाकून ओंजळीनं तोंड धुऊ लागली.

तिनं वर पाहिलं तेव्हा पाणी गढूळ झालं होतं. कासव खाली गेलं होतं.

ती घरी आली. माय अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. साऱ्या अंगणात तो गोड, जड वास भरला होता. बा बाजारात गेला होता. रेवता मायशेजारी बसून फुलं पसरू लागली.

“माय, तुला एक सांगायचं आहे. निकेशबद्दल.”

“फोन आला?” मायनं पटकन विचारलं. “आता तं पोळा नाही.”

रेवतानं सांगितलं. यंत्राचं सांगितलं, गाळाचं सांगितलं, प्रयोगशाळेच्या कागदाचं सांगितलं, बा जे बोलला तेही शब्दाशब्दानं सांगितलं. माय फुलं पसरत राहिली. एक रांग संपली, दुसरी झाली. तिसऱ्या रांगेत तिचा हात थांबला.

“मंग फोन कोण करत होतं?”

हा प्रश्न रेवतानं स्वतःला विचारलाच नव्हता.

माय अंगणाच्या फाटकाकडे बघू लागली. एकोणीस पोळे ती मनात एकेक करून मागे नेत असावी. मग ती अगदी हळू म्हणाली, “पोळ्याच्या दिवशी तुहा बा दरसाल ब्रह्मपुरीले जाये. मासोळी घेऊन. मी म्हणे, सणाचं कोण खाते मासोळी?”

तिनं पदराला हात पुसले, आत गेली आणि फोन घेऊन आली. तो रेवताच्या हातात देत म्हणाली, “हे बंद कर. मले जमत नाही.”

“माय...”

“अन् तुह्या त्या कागदावर लिही. नाव पूरं लिही. निकेश बालाजी पचारे.”

रेवतानं लिहिलं. नातं: सख्खा भाऊ. अंश कसा आला या जागेत तिनं चार ओळी लिहिल्या, तीनदा खोडल्या, आणि शेवटी एवढंच ठेवलं, की मृतदेह डोहाच्या तळाशी आहे. मग तिनं केळापुरे मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तू हे सांगितलं नसतंस तरी मी तुला दोष दिला नसता.”

“कासव गेलं असतं, मॅडम.”

“हो. गेलं असतं.”

पोलीस यायच्या आधीच बा स्वतः ठाण्यावर गेला. अंगावर धुतलेला सदरा घालून, चालत. पाणबुडे दोन दिवस उतरले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कुजक्या नायलॉनच्या जाळ्याचे गुंते वर आणले. त्यांत दगड होते आणि थोडी हाडं. उजव्या हाताची नव्हती. माय काठावर उभी होती. ती ओरडली नाही. हाडं ज्या कापडावर ठेवली होती त्याची वाऱ्यानं उडणारी कड ती पायानं दाबून उभी राहिली.

नोंद मान्य झाली. संग्रहात निकेशची ओळख शिरली आणि यंत्र रेवताच्या बरोबरीनं तीही वजा करू लागलं. वजाबाकीनंतर उरलेला कासवाचा मजकूर स्वच्छ होता, आणि तो जगात दुसऱ्या कुठल्याही कासवाशी जुळला नाही. उपशाची यंत्रं आली तशी गेली. डोहाभोवती लाल बावटे लागले. वीस घरांची मासेमारी बंद झाली आणि त्या घरांतल्या बाया पाणवठ्यावर रेवताशी बोलेनाशा झाल्या. एकीनं तिला ऐकू जाईल असं म्हटलं, “भावाले विकून कासव घेतलं.” रेवता घागर भरून निघून आली.

हाडांवर अंत्यसंस्कार झाले, राखही सोडली. तरी दर सोमवारी नमुना घेतला, की तपशिलाच्या पानावर ती ओळ यायचीच. वजा केलेले अंश: दोन. गाळात मिसळलेलं पुढची कित्येक वर्षं मिसळलेलंच राहणार होतं. कासव सकाळी निघायचं, गाळ वर यायचा, आणि यंत्र तिच्या भावाला मोजून बाजूला काढायचं. काही सोमवारी ती ते पान उघडत नसे. बहुतेक सोमवारी उघडत असे.

जूनच्या सुरुवातीला बा जामिनावर सुटून आला. दुपार होती. तो अंगणात शिरला आणि ओसरीच्या पायरीवर बसला. आत जाऊ की नको, हे त्याला ठरवता येत नव्हतं. दीड महिन्यात तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. रेवतानं त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्यानं हात लावला नाही.

माय आतून आली. अटकेच्या दिवसापासून तिनं त्याचं नावही घेतलं नव्हतं. तुरुंगात भेटायला गेली नव्हती, वकिलाच्या कागदावर अंगठा द्यायलाही आली नव्हती. ती चौकटीला टेकून उभी राहिली.

“एकच इचारते,” ती म्हणाली. “तो लगेच गेला का?”

बानं मान वर केली. हो म्हण, रेवताला वाटलं. मला म्हणालास तसंच म्हण. ठाण्यावर लिहून दिलंस तेच म्हण.

बाचे ओठ हलले. तो मायकडे बघत होता, पोळ्याला दोन-तीन मिनिटं तिचा आवाज कानाशी धरून गप्प राहिलेला माणूस.

“नाही,” तो म्हणाला. “दिवस बुडेपर्यंत होता.”

रेवताच्या हातातला तांब्या खाली टेकला तो वाजला. भर दुपारी तोटा फुटला होता. दवाखाना दोन कोसांवर होता. डोंगा होता, वल्हं होतं, दोन धड हात होते.

“मले वाटलं रक्त थांबेल,” बा म्हणाला. “थांबल्यावर काहीतरी सांगून नेता येईल. मी बांधत होतो, धोतर फाडून. मंग उशीर झाला.”

आता माय त्याला मारेल, किंवा घराबाहेर काढेल, असं रेवताला वाटलं. मायनं पदर सावरला, पायऱ्या उतरली आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली. लग्नात भटजीसमोर बसावं तशी, ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

“दुपारपासून दिवस बुडेपर्यंत,” ती म्हणाली. “मंग तो काही बोलला असंल. पयलेपासून सांग. काय काय बोलला ते सगळं सांग. एक शब्द सोडू नको.”

दोन्ही हातांनी चेहरा झाकून बा एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या दिवसाचं सगळं बोलू लागला.

“आधी त्यानं पाणी मांगतलं,” तो म्हणाला.